कॉलेजच्या फॉर्मवर मेनिंजायटिसच्या दोन वेगळ्या लसी का असतात?

चिंचगूळ | १४ जून, रात्री ९:४०

लेक ऑगस्टमध्ये अमेरिकेला शिकायला निघालीय. युनिव्हर्सिटीकडून लसीकरणाचा फॉर्म आलाय. गोवर-गालगुंड-रुबेला, धनुर्वात, कावीळ बी इथपर्यंत समजलं. पुढे मेनिंजायटिसच्या दोन ओळी आहेत. पहिली 'एसीडब्ल्यूवाय', तिच्यापुढे 'आवश्यक'. दुसरी नुसतीच 'बी', तिच्यापुढे 'शिफारस'.

पहिली आमच्या डॉक्टरांकडे मिळाली, टोचून झाली. दुसरीबद्दल ते म्हणाले, "तिकडे गेल्यावर घेऊ दे." ते ठीक आहे. माझा प्रश्न वेगळा आहे. चार गट एका सुईत बसतात, तर हा पाचवा का बसत नाही? नवऱ्याचं म्हणणं, दोनदा पैसे काढायची युक्ती. मला ते पटत नाही, पण उत्तरही देता येत नाही. मी कॉमर्सवाली, तेव्हा जाणकारांनी सोपं करून सांगा.

खारीचा_वाटा | १४ जून, रात्री ९:५८

वाचतेय. आमच्याकडेही असाच फॉर्म आहे आणि मी डोळे मिटून सही केली.

वैनगंगाकाठ | १४ जून, रात्री १०:१५

मेंदूज्वराची लस तर आमच्या भंडाऱ्यात सरकारी दवाखान्यात लहान पोरांना फुकट देतात. तिकडे एवढा गाजावाजा कशाला?

निवृत्त_स्टेथो | १४ जून, रात्री ११:०५

वैनगंगाकाठ, ती लस वेगळी. तुमच्याकडे देतात ती जपानी मेंदूज्वराची. तो विषाणू आहे, डासांमार्फत येतो आणि थेट मेंदूला सूज आणतो. इथे चर्चा मेनिंगोकॉकस नावाच्या जिवाणूची चाललीय. तो खोकला, थुंकी, एकाच बाटलीतून पिणं, चुंबन यांतून पसरतो आणि मेंदूभोवतीच्या आवरणाला सूज आणतो, नाहीतर सरळ रक्तात उतरतो. मराठीत दोन्हींना 'मेंदूज्वर' म्हणून आपण घोटाळा करून ठेवलाय.

१९८५च्या दिल्लीच्या साथीत मी तिथे रेसिडेंट होतो. ती साथ ए गटाची. पाठीच्या मणक्यातून काढलेलं पाणी नळाच्या पाण्यासारखं स्वच्छ दिसायला हवं, ते तांदळाच्या धुवणासारखं गढूळ यायचं. काचपट्टीवर ग्रामची रंगक्रिया केली की गुलाबी जोड्या दिसायच्या, वालाचे दोन दाणे पोटाला पोट लावून ठेवावेत तशा. रुग्णाच्या जवळ राहिलेल्यांना रिफाम्पिसिनच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्या दिवशी सगळ्या हॉस्टेलची लघवी केशरी झाली आणि साथीपेक्षा मोठी घबराट तिचीच पसरली. (त्या गोळीने तसंच होतं, काळजीचं कारण नसतं.)

या आजारात वेळ फार कमी मिळतो. सकाळी ताप, दुपारी अंगावर जांभळे डाग, रात्री रुग्ण शॉकमध्ये, असं मी पाहिलंय. काचेचा पेला दाबूनही डाग फिके पडत नसतील तर घड्याळ बघायचं नाही, इस्पितळ गाठायचं. आपल्या सावळ्या कातडीवर ते पटकन दिसत नाहीत, म्हणून तळहात, तळपाय आणि पापणीची आतली बाजू बघा. उपचार मिळूनही दहातला एक जण दगावतो. वाचलेल्यांतही काहींना बहिरेपण येतं, काहींची बोटं किंवा पाय कापावे लागतात.

मूळ प्रश्नाला, म्हणजे बी वेगळा का, पेट्रीडिश जास्त नीट उत्तर देतील. या धाग्यावर हाक मारतोय त्यांना.

पेट्रीडिश | १५ जून, सकाळी ७:३०

हाक ऐकू आली. चहा घेऊन बसलोय, त्यामुळे लांबण लागेल.

चिंचगूळताई, नारळ डोळ्यांसमोर आणा. बाहेर काथ्या, आत करवंटी, तिच्या आत खोबरं. मेनिंगोकॉकसही साधारण असाच. सर्वांत बाहेर साखरेच्या लांब साखळ्यांचं कवच, हा काथ्या. त्याखाली बाह्यपटल, म्हणजे मेदाचा पातळ पापुद्रा आणि त्यात रुतलेली प्रथिनं, ही करवंटी. नारळाला तीन डोळे असतात तशी या करवंटीलाही भोकं आहेत. पोरिन नावाची प्रथिनं पिंपासारखी गोल वळून बसतात आणि त्या पिंपांतून अन्न आत जातं. स्टेथोकाकांना काचपट्टीवर दिसला तो गुलाबी रंगही या रचनेमुळेच. असं बाह्यपटल असणाऱ्या जिवाणूंची भिंत पातळ असते, तिच्यात जांभळा रंग टिकत नाही. डेन्मार्कच्या हान्स ख्रिश्चन ग्रामने १८८४ मध्ये ही रंगक्रिया दिली.

आता गट. ए, बी, सी, डब्ल्यू, वाय, एक्स ही नावं काथ्याच्या प्रकारावरून पडलीत. ए, सी, डब्ल्यू, वाय यांचा काथ्या आपल्या शरीराला परका वाटतो. ती साखर काढायची, धनुर्वाताच्या निर्विष केलेल्या विषासारख्या एखाद्या प्रथिनाला बांधायची आणि टोचायची. शरीर प्रतिपिंडं बनवतं, काम झालं. चार साखरा एका सुईत सहज बसतात.

बीची भानगड अशी की त्याचा काथ्या सायालिक आम्लाच्या ज्या साखळीचा बनलाय, तीच साखळी आपल्या चेतापेशींवरच्या एका प्रथिनाला असते, आणि गर्भातल्या बाळाच्या मेंदूत तर भरपूर. चोर घरच्याच माणसाचा सदरा घालून आलाय. शरीर त्याला ओळखत नाही, आणि ओळखायला शिकवलं तर घरच्यांवरच हात उचलेल ही भीती. म्हणून या गटासाठी काथ्याचा रस्ता बंद झाला. उरली करवंटी, म्हणजे बाह्यपटलावरची प्रथिनं. फॉर्मवरच्या दुसऱ्या ओळीत ती करवंटीची लस आहे. घडण, चाचण्या, मर्यादा, सगळंच निराळं.

खवचट_खोबरं | १५ जून, सकाळी ८:१२

काथ्या इंचभर जाड असतो, तुमचं कवच तेवढं जाड आहे का? आणि नारळाचा एकच डोळा मऊ असतो, बाकीचे दोन बंद. उपमा गडगडली.

पेट्रीडिश | १५ जून, सकाळी ८:२०

गडगडू दे, खोबरं हाताशी आलं म्हणजे झालं. करवंटीवर अशा भोकांची दाटी असते, तीनावर भागत नाही, एवढी दुरुस्ती मान्य.

स्पष्टवक्ता | १५ जून, दुपारी १२:४७

छान गोष्ट. पण शेवटी फायदा बड्या औषध कंपन्यांचाच ना? आधी आजाराची भीती घाला, मग लस विका. अशा आजाराने दगावलेलं कोणी आपल्या ओळखीत आहे का सांगा.

जुनी_कात्रणं | १५ जून, दुपारी ३:३३

स्पष्टवक्ता, नेमक्या याच लशीच्या बाबतीत तुमचा नेम चुकलाय. बी गटाविरुद्धची पहिली मोठी लस बड्या कंपनीने काढलेली नाही. ती क्यूबाच्या सरकारी संस्थेतून आली.

१९८०च्या सुमारास क्यूबात बी गटाची साथ पसरली होती. डोक्यावर अमेरिकेची व्यापारबंदी, बाहेर विकत घेण्यासारखी लस नाही. कोन्सेप्सिओन काम्पा यांच्या गटाने करवंटीचे बुडबुडे वापरले. हा जिवाणू वाढताना बाह्यपटलाचे बारीक फुगे बाहेर टाकत असतो. पित्तातल्या क्षाराने धुऊन असे फुगे वेगळे करायचे आणि टोचायचे. निवासी शाळांतल्या लाखभर मुलांवर १९८७ ते ८९ चाचणी झाली. अर्ध्यांना खरी लस, अर्ध्यांना खोटी, कोणाला काय दिलं ते टोचणाऱ्यालाही ठाऊक नाही. संरक्षण ८३ टक्के निघालं. १९९१ पासून तिथे सगळ्या बाळांना ती मिळू लागली. पुढे १९९९ मध्ये एका ब्रिटिश कंपनीला हे तंत्र घ्यायचं होतं, तर त्यासाठी अमेरिकी सरकारकडून खास परवानगी मिळवावी लागली.

त्याच काळात नॉर्वेच्या सरकारी आरोग्य संस्थेनेही स्वतःची बुडबुड्यांची लस काढून शाळकरी मुलांना दिली. पहिल्या दहा महिन्यांत संरक्षण ८७ टक्के, पण एकोणतीस महिन्यांचा हिशेब मांडला तेव्हा आकडा ५७ वर आला. नॉर्वेने मग सांगून टाकलं की एवढ्यावर राष्ट्रीय कार्यक्रम सुरू करता येणार नाही. विक्रीच करायची असती तर ८७ वरच थांबले असते.

स्पष्टवक्ता | १५ जून, सायंकाळी ५:०२

क्यूबाचं माहीत नव्हतं. वाचतोय. पण मग ८३ टक्केवाली लसच जगाने का नाही घेतली?

पेट्रीडिश | १५ जून, रात्री ८:४५

हा खरा प्रश्न. ब्राझीलने घेतली होती. साओ पावलोत १९८९-९० मध्ये क्यूबाची लस दिली. चार वर्षांवरच्या मुलांत ७४ टक्के संरक्षण दिसलं, दोन ते चार वर्षांच्यांत ४७, आणि दोन वर्षांखालच्या बाळांत काहीच नाही. हा आजार सर्वांत जास्त त्याच बाळांना होतो.

कारण लपलंय पोर-ए या पोरिनमध्ये. बुडबुड्यात प्रथिनं डझनावारी असतात, पण बाळाचं शरीर मुख्यतः या एकाच प्रथिनाला उत्तर देतं. त्याची दोन टोकं पटलाच्या बाहेर डोकावतात आणि प्रत्येक वाणात ती निराळी. क्यूबाच्या वाणावरची प्रतिपिंडं साओ पावलोच्या वाणाला पकडतीलच याची खात्री नाही. मोठ्यांचं शरीर जरा चौफेर बघतं, आणखी प्रथिनंही ओळखतं, म्हणून त्यांना फायदा होतो. थोडक्यात, बुडबुड्याची लस शिंप्याकडून माप देऊन शिवलेल्या कपड्यासारखी, ज्याचं माप त्यालाच बसते.

संरक्षण मोजतात कसं, हेही सांगतो, कारण लॅबमधला माझा आवडता प्रयोग तोच आहे. लस घेतलेल्या माणसाचं रक्तद्रव्य घ्यायचं, त्यात जिवंत जिवाणू सोडायचे, जोडीला कॉम्प्लिमेंट घालायचं. कॉम्प्लिमेंट म्हणजे रक्तातली प्रथिनांची टोळी. प्रतिपिंड जिवाणूला चिकटलं की ही टोळी एकापाठोपाठ एक जमते आणि बाह्यपटलात आरपार भोक पाडते. जिवाणू फुटतो. तासाभराने किती उरले ते मोजायचं. अमेरिकेच्या फोर्ट डिक्स छावणीतल्या रंगरुटांवरचं काम १९६९ मध्ये छापून आलं. आजारी पडलेल्या ५४ जणांचं आधीच काढून ठेवलेलं रक्त तपासलं, तर ५१ जणांच्या रक्तात ही मारण्याची ताकद नव्हतीच. तेव्हापासून आजवर या रोगाच्या लशी याच कसोटीवर पारखतात.

किवीफळ | १६ जून, पहाटे ४:१०

इथे आत्ता सकाळ आहे, म्हणून ही वेळ. माप देऊन शिवलेला कपडा वाचलं आणि राहवलं नाही. आमच्या घरात तो कपडा घातलेला माणूस आहे!

न्यूझीलंडमध्ये १९९१ पासून बी गटाच्या एकाच वाणाची साथ वर्षानुवर्षं चालली होती. २००१ मध्ये ६५० रुग्ण झाले, सगळ्या देशाची वस्ती तेव्हा चाळीस लाखांच्या आत. सर्वांत जास्त मार माओरी आणि पॅसिफिक बेटांवरच्या कुटुंबांतल्या बाळांना बसला. म्हणून इथल्याच वाणाचे बुडबुडे घेऊन, नॉर्वेच्या संस्थेच्या मदतीने खास लस बनवली. तिचं नाव मेनझेडबी. जुलै २००४ मध्ये आमच्याच भागातून, दक्षिण ऑकलंडमधून सुरुवात झाली. वीस वर्षांखालच्या सगळ्यांना तीन-तीन डोस. दहा लाखांवर मुलांना मिळाले. माझा मुलगा तेव्हा दुसरीत होता. शाळेच्या हॉलमध्ये रांग, बाहेर आलेलं प्रत्येक पोर दंड चोळतंय, आणि माझा मुलगा रडला नाही म्हणून मिळालेलं स्टिकर आठवडाभर शर्टावर मिरवतोय.

पुढची गंमत मात्र मला अलीकडे कळली. सांगू का? जरा नाजूक विषय आहे.

खारीचा_वाटा | १६ जून, सकाळी ९:००

आता सांगितल्याशिवाय सुटका नाही.

किवीफळ | १६ जून, सकाळी ११:२५

ती लस घेतलेल्या मुलांना पुढे मोठेपणी गनोरिया कमी झाला.

सात्त्विक_सदरा | १६ जून, सकाळी ११:४०

मुलीच्या कॉलेजच्या धाग्यावर हे कशाला? सगळे वाचतात इथे.

निवृत्त_स्टेथो | १६ जून, दुपारी १:१५

सदरा, आजार आहे तो, शिवी नव्हे. आपल्याकडे त्याला 'परमा' म्हणतात. जुन्या एसटी स्टँडच्या मुतारीत 'परमा, गुप्तरोग, खात्रीशीर इलाज' अशी पत्रकं चिकटवलेली असायची, ती वाचत आपली अख्खी पिढी मोठी झाली. आज त्या जंतूवर एकेक प्रतिजैविक निकामी होत चाललंय. धाग्यावर हे यायलाच हवं. पेट्रीडिश, पुढे बोला.

पेट्रीडिश | १६ जून, रात्री ९:०५

परम्याचा जंतू, गोनोकॉकस, हा मेनिंगोकॉकसचा सख्खा चुलतभाऊ. दोघांची जनुकं ऐंशी ते नव्वद टक्के सारखी. फरक हा की गोनोकॉकसला काथ्याच नसतो. त्यामुळे साखरेची लस त्याच्यावर चालणंच शक्य नाही. पण करवंटीवरची बरीच प्रथिनं दोघांत सारखी आहेत.

किवीफळ म्हणतात तो अभ्यास हेलन पेटूसिस-हॅरिस यांच्या गटाचा, २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. लैंगिक आरोग्य केंद्रांत आलेल्या तरुणांच्या जुन्या नोंदी त्यांनी लसीकरणाच्या नोंदींशी ताडून पाहिल्या. मेनझेडबीचं परम्याविरुद्ध संरक्षण निघालं ३१ टक्के. आकडा लहान वाटेल, पण ज्या रोगाविरुद्ध तोवर कुठलीच लस चालली नव्हती आणि जो एकदा होऊन गेल्यावरही पुनःपुन्हा होतो, त्यात हे पहिलंच यश होतं. आणि तेही न मागता मिळालेलं.

पुढे इंग्लंडने ऑगस्ट २०२५ पासून जास्त धोका असलेल्या समलिंगी आणि उभयलिंगी पुरुषांना परम्यासाठी बी गटाची लस द्यायला सुरुवात केली. मात्र दुसरी बाजूही आहे. फ्रान्सच्या एका चाचणीत चिठ्ठ्या टाकून गट पाडले होते. तिच्या अंतरिम आकड्यांत फायदा दिसला, अंतिम आकड्यांत तो ठोस उरला नाही. जुन्या नोंदी चाळून केलेला अभ्यास आणि अशी चाचणी यांत मी चाचणीला जास्त वजन देतो. तरी इंग्लंडचा निर्णय मला वेडगळ वाटत नाही. रुग्णसंख्या मोठी असली की तिसरा हिस्सा घटला तरी खूप झालं, आणि लस नवी नाही, सुरक्षित असल्याचं माहीत आहे.

चिंचगूळ | १७ जून, सकाळी १०:३०

मी दोन दिवस नुसती वाचत बसले. माझा साधा फॉर्म कुठल्या कुठे पोचला! पण एक कळलं नाही. माप देऊन शिवलेला कपडा असेल, तर अमेरिकेत माझ्या लेकीला कोणत्या वाणाचं माप देणार?

पेट्रीडिश | १७ जून, रात्री ८:१५

कॉमर्सवाली म्हणता आणि नेमकं मर्मावर बोट ठेवता.

तयार कपड्यांचं दुकान निघालं इटलीतल्या सिएना शहरात. रिनो राप्पुओली, मारियाग्राझिया पिझ्झा आणि त्यांचे सहकारी यांनी गाडी उलटी हाकली. जिवाणू वाढवून प्रथिनं शोधत बसण्याऐवजी एका बी वाणाचा पूर्ण जनुकसंच आधी वाचून घेतला. संगणकाला विचारलं, यातली कोणती प्रथिनं पटलावर उघडी असतील? साधारण ६०० नावं आली. त्यांतली ३५० ई. कोलायमध्ये बनवून उंदरांना टोचली आणि प्रत्येकीचं रक्तद्रव्य त्याच मारण्याच्या कसोटीवर लावलं. अखेर २८ टिकली. हे २००० साली छापून आलं. त्यांतून निवडलेली तीन मुख्य प्रथिनं आणि जोडीला किवीफळांच्या मुलाला मिळाले तेच न्यूझीलंडचे बुडबुडे, अशी मिळून 'बेक्सेरो' झाली. युरोपात परवाना जानेवारी २०१३.

त्या तिनांतलं एक प्रथिन फार चलाख आहे. आपल्या रक्तात फॅक्टर एच नावाचा पहारेकरी असतो. 'ही पेशी आपली, हिला सोडा,' असं तो कॉम्प्लिमेंटच्या टोळीला सांगतो. हा जिवाणू आपल्या करवंटीवर त्या पहारेकऱ्याला धरून ठेवायचा आकडाच बाळगतो. पकडला जाण्याऐवजी ओळखपत्र गळ्यात घालून फिरतो. लशीने बनलेली प्रतिपिंडं त्या आकड्यालाच चिकटतात. जिवाणूवर खूणही होते, ओळखपत्रही जातं. अमेरिकेतली दुसरी लस, 'ट्रुमेन्बा', ही तर फक्त या एका प्रथिनाच्या दोन प्रकारांवर उभी आहे.

म्हणून महत्त्वाचं: दोन्ही लशींना एकाहून जास्त डोस लागतात आणि त्या एकमेकींत मिसळायच्या नाहीत. पहिला डोस ज्या लशीचा, पुढचाही तिचाच. तिकडे गेल्यावर घे, हा तुमच्या डॉक्टरांचा सल्ला त्या हिशेबाने बरोबर आहे.

आणि मूळ प्रश्नाला एक पुरवणी. आता पाचही गट एका सुईत बसवलेत, अमेरिकेत अशी पहिली लस ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजूर झाली. पण आत बघितलंत तर चार साखरा वेगळ्या आणि बीची प्रथिनं वेगळीच. डबा एक, कप्पे दोन.

मुळामुठा | १७ जून, रात्री ९:५०

पुण्याचं नाव अजून कोणी काढलं नाही, हे पुणेकर म्हणून सहन होत नाही. आफ्रिकेच्या मेनिंजायटिस पट्ट्यासाठी सीरम इन्स्टिट्यूटने ए गटाची लस बनवली, डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोपासून ती द्यायला सुरुवात झाली. किंमत डोसाला अर्ध्या डॉलरच्याही आत. ए गट तिथून जवळपास नाहीसा झाला. नंतर त्यांचीच ए, सी, डब्ल्यू, वाय, एक्स अशी पाच गटांची लस आली, २०२४ मध्ये नायजेरियाने ती सर्वांत आधी वापरली.

पेट्रीडिश | १७ जून, रात्री १०:०५

मुद्द्याचं बोललात. सहा गटांतले पाच त्या लशीत आहेत, पाचही साखरेचे. नसलेला एक म्हणजे हाच आपला बी. त्या पट्ट्यात बी फारसा नाही, म्हणून अडत नाही.

वैनगंगाकाठ | १८ जून, सकाळी ७:४५

मग ही बी वाली लस सगळ्यांनी घेतली तर रोगच संपून जाईल का, देवीसारखा?

निवृत्त_स्टेथो | १८ जून, सकाळी ११:३०

नाही, आणि इथेच साखर आणि प्रथिनं यांत फरक पडतो. साधारण दहातल्या एकाच्या घशात हा जिवाणू मुक्कामाला असतो, तरुणांत जास्त, आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो. साखरेच्या लशींनी घशातला मुक्कामही कमी होतो, त्यामुळे न टोचलेलेही वाचतात. बीच्या लशीचं तसं दिसलं नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियात सुमारे ३५ हजार शाळकरी मुलांचे घसे तपासले, टोचलेले आणि न टोचलेले यांत फरक पडला नाही. म्हणजे ज्याने टोचून घेतली त्याचंच रक्षण. पण ते रक्षण खरं आहे. इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०१५ पासून बाळांना देतात, आणि तीन वर्षांत लस मिळालेल्या वयोगटांत बीचे रुग्ण अपेक्षेच्या पाव हिश्श्यावर आले. बाळांना ताप हमखास येतो, म्हणून तिथे जोडीला पॅरासिटामॉल देण्याचा नियमच आहे.

स्पष्टवक्ता | १८ जून, दुपारी २:२०

ज्याने घेतली त्याचंच रक्षण, ही फालतू भीड न ठेवता सांगितलेली गोष्ट आवडली. धंदेवाल्यांनी हे छापलं नसतं. बाकी माझं मत राखून आहे.

चिंचगूळ | १८ जून, रात्री ९:१५

नवऱ्याला नारळाची गोष्ट जेवताना सांगितली. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग खोबरं कशात आहे?" असो. लेकीने युनिव्हर्सिटीच्या दवाखान्यात पोचल्यानंतरच्या आठवड्याची वेळ घेतलीय, आणि कोणत्या नावाची लस देणार, पुढचा डोस कधी, हे दोन्ही लिहून मागितलंय. तिचा तुम्हा सगळ्यांना एकच प्रश्न आहे: हात किती दुखतो?

किवीफळ | १९ जून, पहाटे ३:२०

दुखतो. दोन दिवस दंड वर होत नाही. उजव्या हाताने लिहीत असेल तर डाव्यात घ्यायला सांगा, आणि त्या दिवशी सामान हलवायचं काम काढू नका म्हणावं.